चाळीतली चेटकीण तपास करते : ऐकण्यासाठीच लिहिलेली मराठी रहस्यकथा

रातराणी

चेटकीण खुनाचा तपास करते अशा इंग्रजी रहस्यकथा मी बरीच वर्षं ऐकते आहे. विरार लोकलमध्ये उभ्याने पुस्तक उघडायला जागा नसते, पण कानात कादंबरी चालू राहते. आता तसंच काहीतरी मराठीत, मुंबईत घडणारं आणि मुळातच ऐकण्यासाठी, लिहायला घेतलं आहे. तुमची मतं हवी आहेत.

हा प्रकार माहीत नसलेल्यांसाठी थोडंसं. खून होतो, पण रक्ताचं वर्णन येत नाही. तपास करणारी बाई पोलीस नसते, चहाचं नाहीतर पुस्तकांचं दुकान चालवत असते. गाव एवढंसं, आणि मेलेला माणूस असा की अर्ध्या गावाचा त्याच्यावर राग. याला इंग्रजीत कोझी मिस्ट्री म्हणतात. त्यात ही बाई चेटकीण असली की सोबत मांजर येतं, माळ्यावर एखादं सालस भूत येतं. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधली गावं या कथांना फार आवडतात, कारण सेलम तिथलंच. १६९२ मध्ये चेटकाच्या आरोपावरून तिथे १९ जणांना फासावर चढवलं गेलं. त्याच मुलखात आजच्या कथेतली चेटकीण दुसऱ्यांना न्याय मिळवून देते, हे मला मनापासून भावतं.

खरी अडचण नियमांची आहे. रोनाल्ड नॉक्स हे इंग्लंडमधले कॅथलिक धर्मगुरू स्वतः रहस्यकथा लिहायचे. त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. दुसऱ्याच नियमाने अलौकिक शक्तींना मज्जाव केला. सहाव्याने गुप्तहेराच्या निराधार अंतःप्रेरणेलाही केला. १९३० मध्ये लंडनला रहस्यकथा लेखकांचा डिटेक्शन क्लब निघाला, त्याच्या शपथेतही दैवी साक्षात्कार आणि योगायोग वर्ज्य होते. म्हणजे आपली चेटकीण दारातच अडते! तरी यातल्या चांगल्या कथा ऐकताना फसवल्यासारखं वाटत नाही. मला त्याचं कारण नॉक्सच्याच आठव्या नियमात सापडतं: गुप्तहेराला मिळालेला पुरावा लगेच वाचकापुढे ठेवायचा. जादूने कळलेली गोष्ट तिला जेवढी कळली तेवढीच, त्याच क्षणी आपल्यालाही कळली, तर डाव सरळ आहे. आणि हे छापील पुस्तकापेक्षा ऐकण्यात जास्त चांगलं साधतं असं माझं ठाम मत आहे.

म्हणून माझ्या नायिकेची विद्या कानाची ठेवली आहे. नलूमावशी गिरगावातल्या चाळीत एकटी राहते, पापड-मसाले करून विकते. कुणाच्या हातून पडलेली वस्तू तिने उचलली, की ती पडताना आजूबाजूला जे आवाज होते ते तिला ऐकू येतात. चेहरे दिसत नाहीत, बोललेलंही समजत नाही. नुसते आवाज, थोडा वेळ.

चाळ समितीचे खजिनदार सकाळी मोरीपाशी मेलेले सापडतात. भिंतीवरचं घड्याळ पडून बारा वाजून दहा मिनिटांवर बंद पडलंय. पुनर्विकासाला ५१ टक्के भाडेकरूंची संमती लागते आणि आकडा एका सहीने अडलाय, ती सही यांची. मावशी त्यांच्या हातून पडलेला तांब्या उचलते, आणि तिला पिंपात पडणारी नळाची धार ऐकू येते. चाळीत पाणी येतं पहाटे पाच ते साडेसहा. मध्यरात्री नळाला थेंब नसतो. मग घड्याळाने दाखवलेली वेळ कुणाच्या सोयीची आहे?

खुनी कोण ते सांगत नाही. एवढ्यावर ऐकावंसं वाटतं का? आणि कानाने ऐकणाऱ्याला हे झेपेल का?

चाळकरी

वा! गिरगावातच वाढलोय, त्यामुळे लगेच ऐकणार. चाळ म्हणजे या कथांमधलं गावच. कुणाकडे पाहुणा आला, जेवून गेला की नुसता चहा घेऊन, सगळं गॅलरीला ठाऊक.

पण पाण्याचं पक्कं करा. गच्चीवर टाकी असेल तर मध्यरात्रीही नळ येईल आणि तुमचा सगळा डोलारा कोसळेल. टाकी नाही, मोरीतला नळ थेट महापालिकेच्या लाइनीवर आहे, हे पहिल्याच प्रकरणात कुणाच्या तरी भांडणात येऊ द्या. टाकी बसवायची वर्गणी, त्यावरून बाचाबाची. खजिनदार आहेतच तुमच्याकडे.

आणखी एक. पाण्याच्या वेळी चाळ जागी असते, मग खुनी दिसला कसा नाही, असं कुणीतरी विचारणार. तर त्याचं उत्तर असं, की तेवढ्या वेळात गॅलरीत चिटपाखरू नसतं. जो तो आपापल्या मोरीत. वर धारेचा एवढा आवाज की शेजारी भिंत पाडली तरी कळणार नाही. चोरी करायची तर पाणी यायच्या वेळी करावी, असं आमची आजी म्हणायची.

रातराणी

चाळकरी, टाकीची वर्गणी लगेच घेतली. आजींचं वाक्यही घेऊ का?

चाळकरी

घ्या, घ्या. तिला आवडलं असतं.

शंकेखोर

विषय आवडला, पण माझा मूळ आक्षेप कायम आहे. आपल्याकडे रहस्यकथा आणि भयकथा ही दोन दालनं वेगळी राहिली ती चांगल्या कारणासाठी. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार स्वतःच्या अकलेवर सुटायचा. नारायण धारपांच्या समर्थांकडे दैवी सामर्थ्य होतं, पण तिथे आपण कोडं सोडवायला बसतच नव्हतो, भ्यायला बसायचो. दोन्ही एकत्र केलं की वाचक दोन्हीकडून उपाशी राहतो.

आणि मावशीने ऐकलेलं पोलिसांना सांगून उपयोग काय? तो पुरावा नाही. पुरावा वेगळा शोधावाच लागणार असेल तर जादूची गरजच संपते.

रातराणी

शंकेखोर, पुरावा आहे आणि तो सगळ्यांसमोर आहे. आदल्या संध्याकाळी खजिनदारांनी पिंप रिकामं करून गॅलरीत घासून धुतलं, चार जणांनी पाहिलं. सकाळी प्रेताशेजारी तेच पिंप काठापर्यंत भरलेलं आहे. रात्री बाराला मेलेला माणूस पहाटे पाणी भरत नाही.

हे पोलिसांनाही दिसतं आणि शेजाऱ्यांनाही. पण बंद घड्याळ पाहून सगळ्यांच्या डोक्यात बारा-दहा पक्कं बसलंय. भरलेल्या पिंपाकडे बघून मुंबईच्या चाळीत कुणाला काही खटकतच नाही. मावशी त्या पिंपाकडे वळते ते फक्त तिने धार ऐकली म्हणून. विद्येने तिला प्रश्न दिला, उत्तर तिला डोक्याने काढावं लागलं. जादू एवढंच करणार, याच्यापुढे एक पाऊल नाही.

शंकेखोर

हे पटण्यासारखं आहे. मग विद्येची मर्यादा खुनाच्या आधी सांगा. एखादी निरुपद्रवी वस्तू उचलून दाखवा, कुणा लहान मुलाची पडलेली गोटी वगैरे. शेवटच्या प्रकरणात मावशीला अचानक नवीन शक्ती आली तर मी पहिला उठून जाईन.

आवाजघर

रेकॉर्डिंगच्या कामात आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

आधी लांबी. इंग्रजीत वाचनाचा अंदाज ताशी साधारण नऊ हजार शब्दांचा धरतात. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, शब्द लांब होतो, त्यामुळे ताशी आकडा कमी भरतो. तुम्ही पन्नास हजार शब्द लिहिणार असाल तर इंग्रजीच्या हिशोबाने वेळ धरू नका, एक प्रकरण मोठ्याने वाचून घड्याळ लावा आणि त्यावरून ठरवा.

नावांचा नीट विचार करा. ऐकणाऱ्याला चार पानं मागे जाता येत नाही. सुमन, सुमती आणि सुनंदा एकाच चाळीत राहिल्या तर तिसऱ्या प्रकरणात माणूस हरवतो. प्रत्येक संशयिताच्या नावाचं पहिलं अक्षर वेगळं ठेवा, आणि प्रत्येकाला बोलण्याची एक लकब द्या. महत्त्वाचा पुरावा एकदाच सांगून चालत नाही. लोकलमध्ये ऐकणाऱ्याच्या कानावर मध्येच पुढचं स्टेशन येतं, आणि नेमका तोच शब्द जातो. भरलेलं पिंप तीनदा तरी यायला हवं, तीन वेगळ्या माणसांच्या तोंडून, प्रत्येक वेळी दुसऱ्याच विषयाच्या निमित्ताने.

वाचणाऱ्याने खुन्याला खुन्याचा आवाज द्यायचा नाही. ही चूक फार होते. निवेदकाला शेवट ठाऊक असतो, मग त्या पात्राच्या वाक्यांवर नकळत सावली पडते आणि हुशार श्रोता तिसऱ्याच प्रसंगात ओळखतो. मी निवेदकाला सांगतो की हा माणूस निर्दोष आहे असं समजून वाच. त्याला स्वतःला तसंच वाटत असतं.

नळाच्या धारेचा खरा आवाज वापरायचा असेल तर फक्त विद्येच्या वेळीच वापरा. बाकी संपूर्ण पुस्तकात एकही ध्वनी नको, ना दाराची करकर ना पाऊस. श्रुतिका वेगळी आणि कथावाचन वेगळं. पुस्तकभर शांतता असेल तरच ती धार आली की कान टवकारतील. आणि डावा-उजवा कान असले खेळ टाळा. गाडीतली निम्मी माणसं एकच इयरफोन लावतात, दुसरा कान अनाउन्समेंटसाठी मोकळा.

घरी रेकॉर्ड करणार असाल तर पंखा बंद, फ्रिज बंद, कपाटाची दारं उघडी आणि भोवती गोधड्या. मे महिन्यात हे करून बघा, घामाच्या धारा लागतात. तोंडातल्या चिकट आवाजांवर हिरवं सफरचंद खातात, आंबटपणाने ते कमी होतात. खोलीची नुसती शांतताही अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवा, जोडकामाला लागते.

मोगरा

हे सगळं वाचून वहीत लिहून घेतलं. रातराणी, निवेदिका कोण? मला वाटतं मावशीचा आवाज गोड नको. जरा घोगरा, वेलदोड्याची पूड करताना खोकला आल्यासारखा.

आपल्याकडची सगळ्यात लाडकी चेटकीण म्हणजे रत्नाकर मतकरींच्या बालनाट्यातली चिंची. आधी दिलीप प्रभावळकरांनी आणि २०१८ च्या नव्या प्रयोगांत वैभव मांगले यांनी केली. थिएटरात पोरं तिला घाबरायची आणि तिच्याच एंट्रीची वाटही बघायची. आपल्याला चेटकीण आवडू शकते याचा तो पुरावाच आहे.

सातपुडा

मी उत्तर महाराष्ट्रातला, सध्या मुलुंडला. सगळे आनंदात आहेत, पण हे बोलायलाच हवं.

आमच्याकडच्या डोंगरपट्ट्यात डाकीण ठरवून बाईला मारहाण झाल्याच्या, गावाबाहेर काढल्याच्या घटना घडलेल्या आहेत. बहुतेकदा बाई एकटी, विधवा, नावावर थोडी जमीन. कुणाचं मूल आजारी पडलं की बोट तिच्याकडे. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ पासून यावर काम करते आहे. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा झाला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड. तुमची नलूमावशीही एकटी बाई आहे आणि लोक तिला चेटकीण म्हणतात. सेलम तीनशे वर्षांपूर्वीचं आहे, आमचं कालपरवाचं. हे गोड करून सांगताना तुम्हाला काही वाटत नाही का, हे मी खरोखर विचारतो आहे.

रातराणी

सातपुडा, वाटतं. म्हणूनच मावशी कुणाला औषध देत नाही, भविष्य सांगत नाही, एक पैसा घेत नाही. तिच्या विद्येने कुणाचा आजार बरा होत नाही की कुणाचं वाईट होत नाही.

आणि तुम्ही सांगितलेलं कथेत आधीपासून आहे, फक्त वर लिहिलं नव्हतं. चाळीतला एक जण तिच्याविरुद्ध उठतो, तिने करणी करून खजिनदारांना मारलं असं पसरवतो. तिची खोली पागडीची, जागा मोक्याची, ती निघून गेली तर पुनर्विकासातला आणखी एक अडथळा दूर होतो. आरोपामागे जमीनच असते, हे तुम्ही म्हणालात तसंच. मुंबईत ती चौरस फुटांत मोजतात एवढंच.

इंग्लंडमध्ये १७३५ मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून चेटूक करणं हा गुन्हा राहिला नाही. स्वतःकडे तशी शक्ती आहे असं भासवणं हा गुन्हा ठरला. तो कायदा थेट १९५१ मध्ये रद्द झाला. आपला २०१३ चा कायदाही शक्तीचा दावा करून लुबाडणाऱ्याला, छळणाऱ्याला धरतो. माझ्या कथेत या कायद्याखाली कुणाला अटक होत असेल तर तिच्यावर आळ घेणाऱ्याला. तक्रार नोंदवायचा प्रसंग मी सविस्तर लिहिणार आहे, कारण पुष्कळ बायकांना हा कायदा आपल्यासाठी आहे हेच माहीत नाही.

सातपुडा

असं असेल तर माझा विरोध नाही. तो प्रसंग लिहून झाला की मला पाठवा. पोलीस ठाण्यात अशा बाईशी कसं बोललं जातं ते मी जवळून पाहिलंय. चौकीत शिरल्यावर तिला आधी कुणी बसायला सांगत नाही, तिथून सुरुवात करा.

डोळस_कान

मला जन्मापासून दिसत नाही, त्यामुळे हा धागा स्क्रीन रीडरकडून दोनदा ऐकला. ऐकीव पुस्तकं आज सगळ्यांची झाली, पण ती आमच्यासाठी सुरू झाली होती. ब्रिटनमध्ये १९३५ च्या नोव्हेंबरात अंधांसाठी बोलकी पुस्तकं तबकड्यांवर आली, त्या पहिल्या पुस्तकांतच अगाथा ख्रिस्तींची 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड' होती. रहस्यकथा आणि कान यांची सोयरीक एवढी जुनी आहे.

आता पिंपाबद्दल. रातराणी, तुमच्या हातात सोनं आहे आणि तुम्ही अर्धंच वापरताय. भांडं भरत जातं तसा धारेचा सूर चढत जातो. आत हवेचा स्तंभ असतो, पाणी वर येतं तसा तो आखूड होतो, आणि आखूड स्तंभाचा सूर उंच. मी चहाचा कप, बादली, पाण्याची बाटली सगळं याच सुरावर भरतो. रिकाम्या पिंपात धार पडली की खोल, घुमणारा आवाज येतो. मग तो वर वर सरकतो आणि काठाशी येताना पातळ, घाईचा होतो.

म्हणजे मावशीला नुसतं 'पाणी आलं होतं' एवढंच कळणार नाही. तांब्या पडला तेव्हा पिंप किती भरलं होतं हेही कळेल. एवढं मोठं पिंप भरायला लागणारा वेळ चाळीत सगळ्यांना पाठ असतो. पाच वाजता नळ सोडला आणि सूर काठाजवळचा असेल तर खून पाचनंतर किती वेळाने झाला हे काढता येतं. संशयितांपैकी कोण सव्वापाचला दुधाच्या रांगेत होता आणि कोण पावणेसहाला जिन्यात भेटला, ते मग जुळवा.

हे श्रोत्याला आधी शिकवा. दुसऱ्या प्रकरणात मावशी सकाळची आपलं पिंप भरताना पाठमोरी पापड लाटते आणि न बघता नळ बंद करते, थेंब सांडत नाही. कुणीतरी विचारतं, कसं कळलं? ती म्हणते, ओरडतं की ते. बस.

शंकेखोर

डोळस_कान, हे अफाट आहे. माझा उरलासुरला आक्षेप संपला. यात श्रोता मावशीच्या बरोबरीने सोडवू शकतो, आणि तेही फक्त कानाने. छापील पुस्तकात हे होणारच नाही.

मोगरा

आत्ता मोरीत जाऊन बादली भरून बघितली. खरंच की! इतकी वर्षं हा आवाज ऐकतेय आणि कधी लक्षच गेलं नव्हतं.

रातराणी

डोळस_कान, काय बोलू. काल रात्री अख्खा आराखडा नव्याने मांडला. खुन्याचा बचाव आता मिनिटांवर आला आहे आणि कथा कितीतरी घट्ट झाली. दुसरं प्रकरण तुम्ही सांगितल्याप्रमाणे, 'ओरडतं की ते' तुमचंच, तुमची परवानगी असेल तर.

विद्येची किंमतही ठरली. आवाज ऐकल्यावर मावशीचा एक कान सूर्यास्तापर्यंत बधिर होतो. त्यामुळे तिने वाटेल त्या वस्तूला हात लावत फिरणं बंद, आणि एका महत्त्वाच्या साक्षीतलं अर्धं वाक्य तिला नीट ऐकू येत नाही. पण श्रोत्याला ते पूर्ण ऐकू येतं. इथे श्रोता तिच्या एक पाऊल पुढे असेल. आवाजघर, हे डावा-उजवा न करता निवेदनातूनच सांगेन.

आवाजघर

छान. आता ती धार संगणकावर सूर चढवून बनवू नका, कान लगेच पकडतो. खरं पिंप लागेल, रिकाम्यापासून काठापर्यंत सलग, मध्ये नळ कमीजास्त न करता. माइक धारेपासून हातभर लांब आणि जरा वर, शिंतोडे उडता कामा नयेत. दोन-तीन वेळा भरावं लागेल. पावसाळ्यात नको, पत्र्यांचा आवाज आत येतो.

चाळकरी

आमच्या काकांची खोली अजून आहे. थेट लाइन, टाकी नाही, मोरीत जुनं पत्र्याचं पिंप. काकूला विचारलं, ती म्हणाली खुशाल या, पण आदल्या रात्रीच मुक्कामाला या, पहाटे पहिली गाडी पकडून वेळेत पोचणार नाही. आणि दोन-तीनदा भरायचं असेल तर उपसलेलं पाणी वाया घालवायचं नाही, शेजारच्यांच्या बादल्या ती लावून ठेवणार आहे.

रातराणी

काकूंना सांगा, नक्की येते, पापड घेऊनच येते. आवाजघर, माइकसकट तुम्हीही चला. डोळस_कान, तुम्ही आलात तर पिंप कुठवर भरलंय ते तुम्ही सांगा आणि मी पट्टीने मोजते. त्या आकड्यांवरच खुनाची वेळ लिहीन.

डोळस_कान

येतो. पत्र्याचं पिंप म्हणजे सूर आणखी मोकळा येईल. पट्टी नको, शिंप्याची टेप आणा, पिंप खोल असतं. आणि प्रकरणांची नावं निवेदिकेला मोठ्याने वाचायला सांगा, नुसते आकडे नकोत. मागचं प्रकरण पुन्हा ऐकायचं असलं की आम्हाला नावावरूनच सापडतं.